पानांचा चहा आणि सासूबाईंची जीभ

माझ्या सासूबाईंना कारखान्यात सगळे 'जिभेच्या बाई' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, तोंडाच्या फटकळ असतील. फटकळ त्या आहेतच, पण नाव पडलं ते कामावरून. जॅमच्या कारखान्यात चव बघणं हे त्यांचं काम, आणि एकतीस वर्षं त्या ते करतायत.

आधी त्या बाटल्यांना लेबलं चिकटवायच्या. तेविशीत असतील. एका दुपारी बाटलीच्या काठावर सांडलेला थेंब त्यांनी बोटाने पुसून तोंडात टाकला आणि मुकादमाला म्हणाल्या, "हा घाणा तळाला लागलाय." मुकादम हसला. रंग झकास होता, वासही ठीक होता. पण कढई रिकामी झाली तेव्हा तळाशी नाण्याएवढा काळा डाग निघाला. पुढच्याच महिन्यात लेबलांच्या बाकावरून उठवून त्यांना चवीच्या टेबलाशी बसवलं.

ते टेबल मी पाहिलंय. पांढरी बशी, स्टीलचा चमचा, कोमट पाण्याचा ग्लास आणि खाली बेसिन. प्रत्येक घाण्यातला चमचाभर जॅम घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, थुंकायचा, चूळ भरायची आणि कागदावर सही करायची. दिवसाला वीस-बावीस वेळा. बाजूला साखर मोजायची एक नळी असते, दुर्बिणीसारखी डोळ्याला लावून बघायची. सासूबाई तिला फारशी किंमत देत नाहीत. "नळी आकडा सांगते," त्या म्हणतात, "जॅम कसा झालाय ते मी सांगते."

लग्नानंतर पहिल्या सकाळी मी चहा केला तेव्हा त्यांनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मला घाम फुटला. "साखर अर्धा चमचा कमी आहे," त्या म्हणाल्या. "डब्यात हात घालायला संकोच वाटला ना तुला? घाल बिनधास्त. घर तुझंच आहे." एका घोटात त्यांनी चहाही ओळखला आणि मलाही. त्या दिवसापासून आमचं जमलं ते जमलंच.

माझं काम डोळ्यांचं. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात मी लोकांचे नंबर तपासते. घरी आल्यावर मी डोळ्यांच्या गोष्टी सांगायचे, त्या जिभेच्या. माझा नवरा म्हणायचा, "आता एक कानवाला शोधा, म्हणजे दवाखाना उघडू."

गेल्या वर्षी कारखान्यात सगळ्यांची तपासणी झाली. सासूबाईंची उपाशीपोटी साखर निघाली एकशे ब्याण्णव. त्यांनी रिपोर्ट घडी करून मिठाच्या बरणीखाली ठेवला आणि मुकाट्याने भाजी चिरायला घेतली. मला रिपोर्ट सापडला तेव्हा म्हणाल्या, "तीस वर्षं थुंकत आले गं. गिळलं असतं तर एक वेळ समजलं असतं." मी हसले, त्याही हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

डॉक्टरीणबाईंनी सकाळच्या नाश्त्याआधी घ्यायची एक गोळी दिली आणि रोज चालायला सांगितलं. नवऱ्याने साखरेचा डबा उचलून शेजारी नेऊन दिला. बिस्किटं बंद, फळांचा रस बंद. घरात गोड म्हणून काही उरलंच नाही. ही बारीकशी गोष्ट पुढे आम्हाला चांगलीच नडली.

महिनाभराने माझ्या मोठ्या नणंदबाई आल्या. सासूबाईंची ही लेक दुसऱ्या गावी राहते आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर तिच्याकडे एक पाला असतो. या वेळी चार हिरवे डबे घेऊन आली. पाच पानांचा चहा. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अँटिऑक्सिडंटचा खजिना' आणि 'साखरेवर नैसर्गिक ताबा'.

"हे अँटि... काय ते, म्हणजे काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"अगं आई, शरीराला आतून गंज चढत असतो. तो चढू देत नाही."

"मी काय लोखंडाची कढई आहे?"

"तू पी तरी. नावं मग ठेव."

चहा कडवट होता, ओल्या गवताचा वास यायचा. पण लेकीने आणलाय म्हणून त्या रोज पहाटे पाच वाजता कपभर प्यायला लागल्या. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर बघायचं यंत्र घरी आणलं होतं, त्यावरचे आकडे आम्ही वहीत लिहायचो; ते उतरत गेले. एकशे साठ, एकशे एकेचाळीस, एकशे अठरा. गोळी चालू होती, चालणं चालू होतं, जेवण निम्म्यावर आलं होतं. पण श्रेय सगळं गेलं चहाला. नणंदबाईंचा रोज फोन यायचा. "बघ, मी सांगितलं होतं की नाही? आता एका कपाने थांबू नकोस. दिवसभर थोडा थोडा घेत राहा."

सासूबाईंनी थर्मास विकत घेतला. आणि कामावर चूळ भरायला जे कोमट पाणी असायचं, त्याच्या जागी चहा आला. एक घोट प्यायचा, तोंड साफ, वर औषध पोटात. त्यांना ती मोठी सोय वाटली.

पहिल्या सोमवारी पीचचा घाणा आला. त्यांनी चमचा जिभेवर फिरवला आणि भुवया वर गेल्या. नुसतं आंबट. "साखर घालायची राहिली वाटतं," त्या कढईवाल्या काकांना म्हणाल्या.

हे कढईवाले काका त्यांच्याबरोबरचे, पंचवीस वर्षांचा सहवास. वजन न करता डोळ्यांनी साखर जोखतील असा माणूस. ते गोंधळले. "नाही हो बाई, स्वतः ओतलीय."

नळी डोळ्याला लावली. आकडा बरोबर होता.

"नळी धुवून घ्या," सासूबाई म्हणाल्या. "आणि साखर वाढवा."

त्यांचा शब्द तिथे शेवटचा. काकांनी साखर वाढवली. संध्याकाळी थंड झालेल्या बाटल्यांत वर खडे धरले होते. सगळा घाणा बाजूला काढावा लागला. मंगळवारी आलूबुखाराचा जॅम आला, तोही तसाच, नुसता आंबट. या वेळी त्यांनी साखर वाढवायला सांगितली नाही. नळीतला आकडा बघितला, चमच्यावरून जॅम कसा घसरतो ते बघितलं आणि सही केली. एकतीस वर्षांत चव कळली नसताना केलेली ती पहिली सही.

त्या आठवड्यात घरात त्या गप्प गप्प असायच्या. मला वाटलं, कामाचा ताण असेल. नवरा म्हणाला, "आईला विचारू नकोस, सांगायचं असेल तर सांगेल." मुलगे असंच म्हणतात. मी मात्र बघत होते. त्या हात धुताना स्वतःशीच जीभ बाहेर काढून आरशात बघायच्या.

शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास दुकानाचं दार उघडलं आणि सासूबाई आत आल्या. खांद्याला पर्स, हातात थर्मास. त्या कामाच्या दिवशी या वेळी बाहेर? कपाळावर घाम होता, बोटं थरथरत होती. त्या सरळ जाऊन डोळे तपासायच्या खुर्चीवर बसल्या.

"डोळ्यांना काही झालं का, आई?"

"डोळे ठीक आहेत." त्यांनी समोरच्या अक्षरांच्या पाटीकडे बघितलं. "जीभ तपासणारं कोणी असतं का गं?"

आणि मग सगळं बाहेर आलं. पीच, आलूबुखार, खडे धरलेल्या बाटल्या, न कळता केलेल्या सह्या. "साखर आधी रक्तात शिरली, आता माझी जीभ खाल्ली तिने. पायाच्या नसा जातात म्हणतात, डोळ्यांच्या जातात. माझी जिभेची गेली. सोमवारी साहेबांना सांगून काम सोडते. उगाच लोकांचं नुकसान नको."

"असं एका आठवड्यात कोणाची जीभ जाते का?" मी म्हणाले. पण मला काय माहीत, जाते की नाही! माझा अभ्यास डोळ्यांपुरता. मी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात फोन लावला, संध्याकाळी पाचची वेळ मिळाली. "रोज अकरा-बाराला असं थरथरतं," सासूबाई म्हणाल्या. "भीतीने होत असेल." थर्मास उघडून त्यांनी दोन घोट घेतले. माझंही डोकं ठणकत होतं. मीही झाकणभर ओतून प्यायले. शी! कडू जहर. तोंडाची चव घालवायला मी काउंटरवरच्या बशीतली संत्र्याची गोळी तोंडात टाकली. लहान गिऱ्हाइकं खुर्चीत शांत बसावीत म्हणून त्या गोळ्या आतल्या बरणीतून काढून आम्ही बशीत ठेवतो.

गोळी गोड लागेना.

मी ती जिभेवर फिरवली. गालात सरकवली. शर्टाचं बटण चघळल्यासारखं वाटत होतं, मधूनच थोडं आंबट. दुसरी घेतली. तीच तऱ्हा.

दुकानाचे मालक आतल्या खोलीत काचा घासत होते. "साहेब, ही गोळी जरा खाऊन बघता?"

त्यांनी खाल्ली. "चांगली आहे की. गोड आहे."

"आता हा चहा प्या आणि परत खा."

"कशाला?"

"प्या हो!"

मालक बिचारे सज्जन माणूस. प्यायले, तोंड वेडंवाकडं केलं, परत गोळी तोंडात टाकली. क्षणभर थांबले आणि त्यांचे डोळे विस्फारले. "अहो, माझी जीभ गेली!"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या खुर्चीवरून अर्ध्या उठल्या होत्या.

पर्समध्ये चहाच्या दोन पुड्या होत्या. मागच्या बाजूला घटक छापलेले होते, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. आमच्याकडे भिंगांना काय तोटा! मी सगळ्यांत मोठं भिंग धरून मोठ्याने वाचलं. तुतीची पानं, पेरूची पानं, शेवग्याची पानं, पुदिना, आणि शेवटी गुडमार.

"गुडमार?" मालक म्हणाले. "म्हणजे गुळाला मारणारा?"

"नावातच लिहिलंय की मेल्याने!" सासूबाई ओरडल्या.

पण त्या एवढ्यावर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. परत चव येते की नाही, हे त्यांना बघायचं होतं. मग आम्ही भिंतीवरच्या घड्याळाखाली बाकावर बसलो. आता कोणी थर्मासला हात लावायचा नाही, आणि दर दहा मिनिटांनी एक गोळी. सासूबाई सवयीने कागदात थुंकायला निघाल्या. मी म्हणाले, "आई, तुम्ही थरथरताय. आज गिळा." त्यांनी बिनचव गोळी गिळली. मधेच एक आजोबा चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आले, आणि आम्हाला तिघांना घड्याळाकडे बघत गालात गोळ्या धरून बसलेले बघून काही न विचारता दांडी बसवून घेऊन गेले.

वीस मिनिटांनी काही नाही. पण थरथर थांबली होती, घामही वाळला होता. तीस मिनिटांनी मालक म्हणाले, "मला जरा जरा येतंय." सासूबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते गप्प बसले. पन्नास मिनिटं झाली. सासूबाईंनी पाचवी गोळी तोंडात टाकली, डोळे मिटले. गोळी या गालातून त्या गालात फिरवली.

मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "गोड." एक हुंदका दिला. "संत्र्याचा वास स्वस्तातला आहे. साखरेबरोबर दुसरं काहीतरी गोड मिसळलंय, त्याची गोडी मागून येते. आणि बरणी आधी पेपरमिंटची होती, धुतलेली नाहीये नीट."

मालकांनी आत जाऊन बरणी आणली. तळाशी पेपरमिंटचा कागद चिकटलेला होता.

सासूबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. मी एवढ्या वर्षांत त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. पदराने तोंड पुसलं, नाक शिंकरलं आणि म्हणाल्या, "तुझ्या नणंदेला फोन लाव."

"आधी डॉक्टर," मी म्हणाले.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्या, पण दरारा शाळेतल्या मुख्याध्यापिकेचा. त्यांनी पुडी वाचली आणि हसल्या. "जीभ शाबूत आहे तुमची. या गुडमारच्या वेलीच्या पानात असं काही असतं, की ते जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या जागा अर्धा-पाऊण तास, कधी तासभर अडवून धरतं. आंबट, कडू, खारट सगळं लागतं, फक्त गोड नाही. तुम्ही दर घाण्याआधी त्याचीच चूळ भरत होता."

"आणि पहाटे घ्यायचे तेव्हा?"

"तेव्हाही होत असणार. पण घरात गोड खाताच नाही ना, कळणार कसं?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

मग त्या गंभीर झाल्या. थरथर कधी होते, घाम कधी येतो, संत्र्याच्या गोळ्या खाल्ल्यावर थांबलं का, सगळं विचारलं आणि आमच्या वहीतले आकडे बघितले. सगळे सकाळचे; अकराचा एकही नाही. "हे भीतीने नव्हतं होत. साखर खाली जात होती. आजच्या त्या गोळ्या पोटात गेल्या म्हणून सावरलात. तुम्ही हा चहा घेता, हे मला का नाही सांगितलं?"

"चहा काय सांगायचा?" सासूबाई म्हणाल्या. "औषध थोडंच आहे?"

"डब्यावर औषध म्हणून लिहिलंय, आणि मला सांगताना तो चहा होतो?" डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, पानांना मी नावं ठेवत नाही. तुती, पेरू, ही वेल, यांनी जेवणानंतरची साखर थोडी कमी चढते असं काही लहान अभ्यासांत दिसलंय. म्हणूनच तर भीती. माझी गोळीही साखर उतरवते. तुम्ही जेवण कमी केलंत, चालताय, वर हा थर्मासभर चहा. चौघांनी मिळून ढकललं तर साखर तळाला जाणारच. यात चहाचा वाटा किती, हे मलाही छातीठोक सांगता येणार नाही."

"आणि तो गंज?" सासूबाईंनी विचारलं. "अँटि..."

"अँटिऑक्सिडंट. असतात पानांत, भरपूर असतात. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत त्यांचा गुण झकास दिसतो. पण पोटात गेल्यावर त्यातलं रक्तात किती पोचतं आणि तिथे काय करतं, ते डब्यावर छापण्याइतकं सोपं नाही. भाजी, फळं खाता ना? त्यातही असतात. त्यासाठी जीभ गहाण टाकायची गरज नाही."

त्यांनी सकाळची औषधाची गोळी अर्धी केली, चहा बंद करायला लावला, अकरा वाजता मूठभर काहीतरी खायला सांगितलं आणि तेव्हाचीही साखर बघायला सांगितली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना सासूबाई माझा हात धरून चालत होत्या, पण आधारासाठी नाही. हात झुलवत होत्या, शाळेतून सुटल्यासारख्या.

फोन त्यांनी रस्त्यातच लावला. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण अलीकडचं सगळ्या फुटपाथने ऐकलं. "अगं, मारलंस की मला! ... नाही, मेले नाही, बोलतेय ना? ... रडू नकोस. तू प्रेमाने आणलंस, मला माहितीय. पण पुढच्या वेळी मागचं बारीक अक्षर वाच. ... चष्मा लागला असेल तुला. ये इकडे, वहिनी नंबर काढून देईल."

सोमवारी त्या कामावर गेल्या. आधी साहेबांकडे नाही, आधी कढईपाशी. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. कढईवाले काका साखरेचं पोतं काट्यावर ठेवत होते. उतरवलं, परत ठेवलं, परत आकडा बघितला. पंचवीस वर्षं डोळ्यांनी जोखणारा माणूस एका पोत्याचं वजन तिसऱ्यांदा करत होता.

"काका, हे काय?"

"बाई, माझंच काहीतरी चुकतंय," काका मान खाली घालून म्हणाले. "तुम्ही म्हणालात साखर नाही, म्हणजे नसणारच. घरीही सांगितलं मी, हात गेला आपला, आता झेपत नाही."

सासूबाई म्हणतात, तो क्षण त्यांना सगळ्यांत जड गेला. त्यांना स्वतःचीच भीती पडली होती. आपल्या एका शब्दाने पलीकडचा माणूस आठवडाभर झोपला नसेल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर हात जोडले. "तुमचा हात बरोबर होता. नळी बरोबर होती. चूक माझी."

काकांनी पोतं खाली ठेवलं आणि त्याच्यावरच बसले. "मग मी ठीक आहे?"

"एकदम ठीक आहात."

"बाई, हे शुक्रवारीच सांगायचंत की हो!" असं म्हणून ते एवढे हसले, की त्यांना ठसका लागला आणि कोणीतरी पाणी आणायला पळालं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. बाजूला काढलेला घाणा दुसऱ्यात थोडा थोडा मिसळून वापरता येईल असं ठरलं, त्या आठवड्यातले इतर घाणे परत चाखायचं ठरलं. ते सगळे बरे निघाले, कारण काकांनी ते तसेच बनवले होते, जसे नेहमी बनवतात. साहेबांनी एकच अट घातली. चवीच्या टेबलावर कोमट पाण्याशिवाय काही नको. "अट कसली," सासूबाई म्हणाल्या, "मीच पाटी लिहून लावते."

पहिले पंधरा दिवस आकडे थोडे वर गेले. एकशे तीस, एकशे चौतीस. त्या हिरमुसल्या. मग चालणं अर्ध्या तासाचं पाऊण तास झालं, अकराची थरथर परत आली नाही, आणि हळूहळू आकडे जाग्यावर बसले. तीन महिन्यांनी मोठी तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागद वरून खाली वाचला, परत वर गेल्या आणि म्हणाल्या, "असंच चालू ठेवा. सहा महिन्यांनी भेटू." बाहेर आल्यावर सासूबाईंनी मला दोनदा विचारलं, "सहा म्हणाल्या ना? तीन नाही?"

"सहा म्हणाल्या."

घरी येऊन त्यांनी खिडकीचा पडदा ओढला, पलंगावर आडव्या झाल्या आणि भर दुपारी चक्क दोन तास घोरल्या. नवरा कामावरून आला, दारातूनच घाबरून विचारलं, "आईला काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. "हळू बोल. झोपल्यायत."